जुन्या मैफिली संगणकात उतरवताना बिट आणि लेव्हल जुळवायची कशी

ग्वाल्हेरात गाण्याची रेकॉर्डिंग जपून ठेवलेली घरं पुष्कळ. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ सालचं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचं. तिथे शिकलेल्या-शिकवलेल्या मंडळींच्या कपाटात कॅसेटींच्या मागे चार-दोन डॅट (डिजिटल आवाजाच्या छोट्या टेपा), मिनिडिस्कचा (छोट्या डिजिटल डिस्कचा) एखादा डबा आणि घरी राइट केलेल्या सीडी निघू शकतात. कॅसेट उतरवणं हे वेगळं काम आहे, ते इथे घेतलेलं नाही. आवाज आधीच आकड्यांच्या रूपात आहे आणि तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात न्यायचा आहे, एवढ्यापुरतंच हे मार्गदर्शन.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. डिजिटल नकलेला व्हॉल्यूम नसतो. इकडचे आकडे तिकडे जसेच्या तसे पोचले की नक्कल झाली. वाटेत एखादं बटण, स्लायडर किंवा ‘ऑटो’ नावाची सोय त्या आकड्यांना हात लावत असेल, तर ती ०.० डीबीवर (डेसिबल, म्हणजे लेव्हलचं माप; ० म्हणजे बदल नाही) आणायची नाहीतर बंद करायची. ‘जरा लेव्हल वाढवून घेऊ’ हा मोह उतरवण्याच्या वेळी पूर्णपणे टाळा. त्याची जागा शेवटी आहे.

फाइल असेल तर वाजवू नका

हातातल्या रेकॉर्डरमध्ये एसडी कार्ड असेल तर कार्ड काढा, संगणकात लावा, फाइल कॉपी करा. संपलं. कार्डावरची फाइल वाजवून, हेडफोनच्या तारेने पुन्हा रेकॉर्ड करणारे लोक आजही भेटतात; त्यात फायदा शून्य आणि तोटा नक्की.

सीडीचंही तसंच. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रॅमने सिक्युअर मोडमध्ये वेव्ह फाइल काढा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘नॉर्मलाइझ’चा, म्हणजे आपोआप लेव्हल वाढवण्याचा, पर्याय आहे, तो बंद असल्याची खात्री करा. घरी राइट केलेल्या सीडींचा रंग उडायला लागलेला असतो, तेव्हा त्या आधी हाती घ्या. डॅट आणखी महिनाभर थांबेल.

डॅट आणि मिनिडिस्क मात्र बहुधा खऱ्या वेळातच वाजवावी लागतात. दोन तासांची मैफल म्हणजे दोन तास. त्या दोन तासांत वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा डेक आणि संगणक दोन्ही यूपीएसवर ठेवा.

बिट वाढले म्हणजे आवाज वाढत नाही

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

डिजिटल मीटरवर सगळ्यात वरचा आकडा ० डीबीएफएस. त्याच्या वर काहीच नाही. १६ बिट असोत की २४, हे छत एकाच उंचीवर असतं. बिट म्हणजे एकेक आकडा लिहायला मिळालेली घरं; ती वाढली की जमीन, म्हणजे नोंदता येणारा सगळ्यात बारीक आवाज, खाली जाते. प्रत्येक बिटामागे साधारण ६ डीबी. म्हणजे १६ बिटांत छतापासून जमिनीपर्यंत ९६ डीबी, २४ बिटांत १४४ डीबी. १६ बिटांच्या डॅटवर समेवरची थाप -६ वर असेल, तर २४ बिटांच्या फाइलमध्येही ती -६ वरच दिसली पाहिजे. खाली फक्त आठ बिट शून्याने भरले जातात. आवाजाचा दर्जा सुधारत नाही, बिघडतही नाही.

यावरून एक दोष चटकन ओळखता येतो. उतरवलेलं सगळं रेकॉर्डिंग बरोबर ४८ डीबीने खाली आलेलं दिसलं, तर तो व्हॉल्यूमचा प्रश्न नाही. ४८ म्हणजे आठ बिट. कुठल्यातरी ड्रायव्हरने किंवा प्रोग्रॅमने १६ बिटांचा आकडा २४ बिटांच्या जागेत वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला चिकटवला आहे. ड्रायव्हर बदला किंवा इनपुट १६ बिटांवर सेट करून पाहा. तीच फाइल ४८ डीबीने वर ओढून चालवून घेतली तर आवाज ऐकू येईलही, पण साखळीतला दोष तसाच राहील आणि पुढच्या टेपला पुन्हा भेटेल.

उलटा प्रवास, २४ वरून १६ कडे, जास्त जपून करावा लागतो. खालचे आठ बिट नुसते कापून टाकले तर मोठ्या आवाजात काही कळत नाही. तुकडा संपून तानपुऱ्याचा सूर फेड होत असतो, तिथे मात्र आवाज दाणेदार, तुटक होत जातो. कारण कापण्यातून होणारी चूक आता सुरालाच चिकटून चालते, ती कानाला विकृतीसारखी लागते. उपाय म्हणजे डिदर: बिट कमी करण्याच्या क्षणी मुद्दाम मिसळलेली अतिशय बारीक, सुराशी संबंध नसलेली खरखर. ती मिसळल्यावर सूर गुळगुळीत राहतो आणि हलक्या हिसमध्ये विरून जातो. डिदर एकदाच द्यायचा, सगळं काम संपल्यावर, शेवटच्या १६ बिटांच्या फाइलवर. दर पायरीला दिला तर खरखरीचे थर साचत जातात.

३२ बिट फ्लोट ही नव्या फील्ड रेकॉर्डरांतली सोय वेगळ्या जातीची. तिथे ० च्या वर गेलेला आवाजही फाइलमध्ये शाबूत असतो, नंतर खाली ओढला की परत मिळतो. पण तीच फाइल खाली न ओढता १६ किंवा २४ बिटांत सेव्ह केली तर ० च्या वरचं सगळं सपाट कापलं जातं. तेव्हा आधी गेन (आवाजाची उचल) कमी, मग बिट कमी. हा क्रम उलटा झाला की फाटलेली थाप परत मिळत नाही.

तारा आणि जोडण्या

घरगुती डिजिटल जोडणी एसपीडिआयएफ. ती दोन रूपांत येते. आरसीए खोबणीची कोअक्स, आणि चौकोनी तोंडाची ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक. दोन्हींत तेच आकडे जातात, दर्जात फरक नाही.

कोअक्सला ७५ ओहमची तार लागते. कॅसेट डेकची लाल-पांढरी तार मीटरभर अंतराला कदाचित चालेल, पण त्यापेक्षा जुन्या व्हीसीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओ तार चांगली, कारण ती मुळात ७५ ओहमसाठी असते. लांब तार हवी असेल तर केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ घ्या, दोन्ही टोकांना आरसीएचे कनेक्टर लावून घ्या. ऑप्टिकल तार टीव्ही-साउंडबारसाठी विकतात तीच. पाच मीटरच्या आत ठेवा, घट्ट वळण देऊ नका आणि टोकावरची प्लास्टिकची बारीक टोपी काढायला विसरू नका. ‘सिग्नलच येत नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा ती टोपीच असते.

एक सापळा: ॲडाट नावाची आठ चॅनलांची जोडणीही अगदी ह्याच ऑप्टिकल खोबणीतून येते. इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये ऑप्टिकल इनपुट ‘ॲडाट’वर असेल तर एसपीडिआयएफ आवाज येणार नाही. बदलून ‘एसपीडिआयएफ’ करा.

स्टुडिओतल्या डेकवर एक्सएलआरची एईएस जोडणी असते. तिचा विद्युत दाब २ ते ७ व्होल्ट आणि तार ११० ओहमची. एसपीडिआयएफ कोअक्सचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. इथला ‘लेव्हल’ हा तारेतला व्होल्टेज आहे, गाण्याची लेव्हल नाही. व्होल्टेज जुळलं नाही तर आवाज बारीक होत नाही. एकतर लॉक लागत नाही, म्हणजे घेणाऱ्या यंत्राला सिग्नल धरता येत नाही, नाहीतर लागून सुटत राहतो. मध्ये योग्य कन्व्हर्टर लावा, नुसती बदललेली पिन पुरेशी नाही.

घड्याळ एकाचंच

पाठवणारं यंत्र दर सेकंदाला ठरावीक आकडे पाठवतं: सीडी आणि मिनिडिस्क ४४,१००, डॅट ४८,००० किंवा ४४,१०० किंवा लाँग-प्ले असेल तर ३२,०००. घेणाऱ्याने त्याच्याच तालावर चालायचं. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनलमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’ असतो, तो ‘एसपीडिआयएफ’ किंवा ‘एक्स्टर्नल’ करा. हे राहिलं तर रेकॉर्डिंग वरवर ठीक वाटतं, पण दर काही सेकंदांनी बारीक ‘टक्’ येतो. दोन घड्याळं हळूहळू सरकतात आणि एखादा सँपल, म्हणजे एक आकडा, गळतो किंवा दोनदा येतो. लेव्हल कमी करून हा टक् जात नाही.

प्रोग्रॅममधला सँपल रेट, म्हणजे सेकंदाला किती आकडे, हाही तोच हवा. ४४.१चं रेकॉर्डिंग ४८चं समजून वाजलं तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने वर चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी गायला लागतो आणि दहा मिनिटांचा ख्याल नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतो. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियम जवळ ठेवा. ही चूक मीटरवर दिसत नाही, पट्टीवर लगेच कळते.

डॅटवर एकाच टेपमध्ये रेट बदललेला असू शकतो. अर्धी मैफल ४८ला, पुढची ४४.१ला. डेकच्या डिस्प्लेवर रेट दिसतो, प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो बघा आणि बदलला तर नवी फाइल सुरू करा. ३२ किलोहर्ट्झला अनेक आधुनिक इंटरफेस लॉक होतच नाहीत. तिथे जुनं साउंड कार्ड शोधा किंवा खाली दिलेल्या ॲनालॉग वाटेने जा.

आणखी एक, थंडीतलं. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते. गार खोलीतला डॅट डेक हीटर लावलेल्या खोलीत आणून लगेच टेप घातली तर फिरत्या ड्रमवर दव धरतं आणि टेप त्याला चिकटते. तास-दोन तास डेक खोलीत नुसता ठेवा, मग टेप घाला.

संगणकातली सेटिंग

विंडोजवर साउंडच्या जुन्या पॅनलमधला रेकॉर्डिंग टॅब उघडा, इंटरफेस निवडा, प्रॉपर्टीजमध्ये जा. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये २ चॅनल, २४ बिट आणि स्रोताचाच रेट. ‘एनहान्समेंट्स’ सगळी बंद. ‘लेव्हल्स’मध्ये स्लायडर असेल तर त्यावर राइट क्लिक करून डेसिबल निवडा आणि ०.० वर ठेवा. टक्केवारी फसवी असते, काही ड्रायव्हरांत १०० म्हणजे ० डीबी, काहींत त्याहून जास्त. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअपमध्ये होतं.

इंटरफेससोबत आलेला स्वतःचा मिक्सर असेल तर त्यातले फेडर बघून घ्या. काहींत ते फक्त ऐकण्यापुरते असतात, काहींत रेकॉर्डिंगलाही लागू होतात. शंका असेल तर सगळे ०.० वर.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत प्रोग्रॅममध्ये होस्ट ‘विंडोज वासापी’ निवडा. प्रोजेक्ट रेट स्रोताइतका, डिफॉल्ट सँपल फॉरमॅट २४ किंवा ३२ फ्लोट. मग प्रेफरन्सेसच्या क्वालिटी पानावर हाय-क्वालिटी कन्व्हर्जनचा डिदर ‘शेप्ड’ असतो, तो ‘नन’ करा. आत्ता आपण काहीच बदलत नाही, त्यामुळे डिदर नको. तो ठेवला तर एक्सपोर्ट करताना हुबेहूब नकलेवर खरखर चढते. पुढे गेन वगैरे बदलून १६ बिटांची प्रत काढताना पुन्हा चालू करायचा.

पाठवणाऱ्या बाजूलाही बघा. काही मिनिडिस्क आणि सीडी-रेकॉर्डर डेकांत डिजिटल इनपुटसाठीसुद्धा रेकॉर्ड लेव्हल असते. डेकवरून डेकवर नक्कल करत असाल तर ती ०.० डीबी ठेवा. डीव्हीडी प्लेयरमधून सीडी वाजवत असाल तर डिजिटल आउट ‘बिटस्ट्रीम’ऐवजी ‘पीसीएम’ करा. डॉल्बीचा बिटस्ट्रीम साध्या आवाजासारखा वाजवला की पूर्ण जोराचा खरखराट येतो, म्हणून पहिल्यांदा वाजवताना हेडफोन कानाला लावू नका.

डॅटवरून डॅट किंवा मिनिडिस्कवर दुसरी डिजिटल नक्कल करायला गेलात तर घरगुती डेक नकार देऊ शकतो. तो बिघाड नाही, नकलेची पुन्हा नक्कल अडवणारी एससीएमएस नावाची खूण आहे.

जुळलं की नाही, हे तपासण्याची रीत

कानावर विसंबू नका. मौल्यवान टेप घालण्याआधी साखळीचीच परीक्षा घ्या. बाजारात छापून आलेली एखादी सीडी घ्या. एकदा ती संगणकात रिप करा. मग तीच सीडी डिजिटल आउट असलेल्या प्लेयरमध्ये घालून, ज्या तारेने आणि ज्या सेटिंगने डॅट उतरवणार आहात त्यानेच दोन मिनिटं रेकॉर्ड करा. दोन्ही ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा. इतकं झूम करा की वेव्हवरचे एकेक ठिपके दिसतील. एखादी ठळक थाप पकडून दोन्ही ट्रॅक ठिपक्याला ठिपका जुळवा. एका ट्रॅकला ‘इन्व्हर्ट’ लावा, दोन्ही मिक्स करा.

पूर्ण शांतता, मीटर हलत नाही: साखळी निर्दोष आहे.

तेच गाणं बारीक आवाजात उरलं: कुठेतरी गेन आहे. किती, हेही कळतं. ०.१ डीबीचा फरक असेल तर उरलेला आवाज मूळ आवाजापेक्षा साधारण ३९ डीबी खाली असतो, १ डीबीचा असेल तर साधारण १९ डीबी खाली. नुसती एकसारखी, जेमतेम दिसणारी हिस उरली तर डिदर चालू राहिला आहे. सुरुवातीला शांतता आणि पुढे जात जात आवाज वाढत गेला तर घड्याळाचं जुळलेलं नाही.

दुसरी परीक्षा टेप उतरवल्यावरची. सॉक्स या मोफत प्रोग्रॅमला फाइलचे ‘स्टॅट्स’ विचारले की ‘बिट-डेप्थ’ अशी एक ओळ येते, तिच्यात दोन आकडे असतात. दुसरा, म्हणजे उजवीकडचा, महत्त्वाचा. डॅट किंवा सीडी २४ बिटांच्या फाइलमध्ये उतरवली असेल तर तो १६ यायला हवा: खालचे आठ बिट रिकामे, म्हणजे वाटेत कोणी ढवळाढवळ केलेली नाही. तिथे २४ आला तर कुठेतरी व्हॉल्यूम, रेट बदल किंवा डिदर झाला आहे. वरच्या सेटिंग पुन्हा तपासा. मिनिडिस्क याला अपवाद. तिच्यावर आवाज एट्रॅक पद्धतीने आवळून ठेवलेला असतो आणि तो उलगडताना काही डेकांतून १६ पेक्षा जास्त बिट बाहेर येऊ शकतात. त्यामुळे मिनिडिस्क नेहमी २४ बिटांतच घ्या आणि मूळ प्रत १६ वर आणू नका.

डॅटच्या बाबतीत वेळ असेल तर तीच टेप दोनदा उतरवा आणि दोन्हींवर इन्व्हर्टची परीक्षा करा. बाकी सगळं शांत आणि मधेच बारीक तुकडे उरले, तर तिथे डेकला टेप नीट वाचता आलेली नाही आणि त्याने अंदाजाने भरलं आहे. हेड साफ करून तो भाग पुन्हा घ्या.

एक गोष्ट क्वचित भेटते पण माहीत हवी. काही जुन्या सीडी आणि डॅट ‘एम्फसिस’ लावून केलेल्या असतात: वरचे सूर मुद्दाम वाढवलेले, आणि वाजवताना कमी करा अशी खूण सोबत. रिप करताना किंवा संगणकात घेताना ती खूण हरवते आणि गाणं कर्कश होतं, वरच्या टोकाला नऊ-दहा डीबीपर्यंत. डेकच्या डिस्प्लेवर एम्फसिसचा दिवा असेल तर फाइलच्या नावातच तशी नोंद करा. अशा फाइलला हाताने इक्वलायझर लावत बसू नका, सॉक्समध्ये त्यासाठी तयार ‘डीएम्फ’ आहे.

डिजिटल आउट नसेल तेव्हा

खिशातल्या मिनिडिस्क रेकॉर्डरांची मोठी पंचाईत ही, की त्यांना ऑप्टिकल इन असतं, आउट बहुतेक नसतंच. जुनी डिस्क थेट संगणकात चढवू देणारं सोनीचं एमझेड-आरएच१ हे मॉडेल २००६ साली आलं, पण ते सहज मिळत नाही. घरगुती मोठा डेक मिळाला तर उत्तम. डिस्क तीच, डेक दुसरा चालतो.

नाहीच मिळाला तर हेडफोनच्या खोबणीतून इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. मायक्रोफोन इनमध्ये नको. मेनूत ‘लाइन आउट’ असेल तर तो निवडा. बास बूस्ट आणि एव्हीएलएस (आवाजाला आपोआप मर्यादा घालणारी सोय) बंद. इथे मात्र गेन आपल्यालाच ठरवायचा आहे आणि इथेच २४ बिटांचा खरा उपयोग होतो. द्रुतमधला सगळ्यात जोरकस भाग आधी वाजवून बघा, पीक (मीटरवरचं सगळ्यात उंच टोक) -१२ डीबीएफएसच्या आसपास राहू द्या. -१ पर्यंत नेण्याची हाव नको. तानपुऱ्याचा एकट्याचा सूर -५० वर असला तरी २४ बिटांत त्याच्याखाली भरपूर जागा उरते. १६ बिटांत तोच सूर जेमतेम सात-आठ बिटांवर उभा राहिला असता.

लेव्हल वाढवायची ती आता

मूळ फाइल बंद करून ठेवा, तिला ‘मूळ’ असं नाव द्या, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो. १६ बिट ४४.१ला ६३५ एमबी. वेव्ह फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, तेव्हा रात्रभराची मैफल तुकड्यांत ठेवा.

पुढचं काम नकलेवर, ३२ बिट फ्लोटमध्ये. सगळ्यात मोठा पीक -१ डीबीवर येईल इतका गेन अख्ख्या मैफिलीला एकसारखा द्या. प्रत्येक तुकडा वेगळा नॉर्मलाइझ केलात तर विलंबित आणि द्रुत एकाच जोरात वाजतील, आणि बैठकीचा सगळा चढ नाहीसा होईल. मूळ रेकॉर्डिंग १२ डीबी खाली झालेलं असेल आणि ते तेवढंच वर उचललं, तर त्याची खरखरही १२ डीबी वर येणार. तिला ‘बिट वाढवून’ उतारा नाही. डॅटवरच थाप कापली गेली असेल तर तीही लेव्हल कमी करून जुळत नाही. सपाट माथा फक्त खाली सरकतो.

सीडीसाठी १६ बिट ४४.१ हवं असेल तर आधी रेट बदला, मग डिदर लावून बिट कमी करा. एमपी३ करायची असेल तर पीक -१.५ डीबीवर ठेवा, कारण ती उलगडताना पीक थोडे वर जातात. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.